वीज स्वस्त झाली, मग बिल का नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सौर आणि पवन ऊर्जेवर छापून येणारे लेख आणि त्यावरची पत्रं मी नेहमी वाचतो. दरवेळी तोच वाद असतो, एक म्हणतो ही वीज आता कोळशापेक्षा स्वस्त पडते, दुसरा म्हणतो मग जर्मनी-ब्रिटनमध्ये एवढ्या पवनचक्क्या लागूनही लोकांची बिलं का वाढली? माझं म्हणणं असं की दोघंही खरं बोलतायत, फक्त एक जण वीज तयार करायच्या खर्चाबद्दल बोलतोय आणि दुसरा ती वीज कुठल्या नियमांनी विकली जाते त्याबद्दल, आणि या दोन्हीच्या मध्ये जे घडतं त्यावर कुणी फारसं लिहीत नाही.

खर्च कमी झालाय याबद्दल आता वाद घालण्यात अर्थ नाही. २०१० पासूनच्या दहा-बारा वर्षांत मोठ्या सोलर प्रकल्पांतल्या विजेचा उत्पादन खर्च जवळपास ९० टक्क्यांनी उतरला. बॅटरीचंही तसंच, २०१० च्या सुमारास एका किलोवॉट-तासाच्या, म्हणजे एक युनिट वीज साठवणाऱ्या, बॅटरीला हजार डॉलरच्या वर पडायचे ते २०२४ मध्ये सव्वाशेच्याही खाली आले.

आता बिलाकडे येऊ. युरोपात बहुतेक ठिकाणी वीजबाजारात दुसऱ्या दिवसाच्या विजेसाठी आदल्या दिवशी बोली लागते. ज्याची बोली कमी त्याची वीज आधी घेतात, वारा आणि उन्हाला इंधनाचा खर्च नाही म्हणून ते शून्याच्या आसपास बोली लावतात, मग अणुऊर्जा, मग कोळसा आणि गॅस. मागणी भागेपर्यंत हे असं वर वर चढत जातं आणि शेवटी ज्या प्लांटला हात लावावा लागला त्याची जी बोली तोच भाव सगळ्यांना मिळतो, म्हणजे पवनचक्कीवाल्यालाही गॅसचाच भाव. ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपात गॅस मेगावॉट-तासाला (म्हणजे हजार युनिटला) ३०० युरोच्या वर गेला तेव्हा वारा महाग झाला नव्हता, पण वाऱ्याची वीज मात्र त्याच चढ्या भावाने विकली गेली. वाऱ्याची आणि उन्हाची वीज पुरेशी वाढली की गॅसची गरज पडणारे तास कमी होतात आणि मग भाव खाली येतो हे खरं, पण तोपर्यंतच्या मधल्या काळात फायदा कुणाच्या खिशात जाणार हे करारावर ठरतं.

ब्रिटनमध्ये यासाठी ठरीव भावाचे करार करतात. बाजारभाव ठरलेल्या भावाच्या खाली गेला तर फरक प्रकल्पाला मिळतो, वर गेला तर प्रकल्पाने तो परत करायचा, आणि त्या गॅसच्या महागाईत असे काही प्रकल्प खरंच पैसे परत करत होते. पण हेच करार चुकीच्या भावाने काढले तर काय होतं तेही तिथेच दिसलं. या करारांच्या सप्टेंबर २०२३ च्या लिलावात समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी सरकारने कमाल भाव मेगावॉट-तासाला ४४ पौंड (२०१२ च्या किमतींनुसार) ठेवला, दरम्यान स्टील महागलेलं, व्याजदर वाढलेले, आणि एकाही कंपनीने बोली लावली नाही, एकाही! पुढच्या लिलावात कमाल भाव ७३ पौंडांवर न्यावा लागला तेव्हा प्रकल्प आले. तंत्रज्ञान तेच, समुद्र तोच, वाराही तोच. बदललं होतं ते व्याज आणि सामानाचा भाव.

व्याजाचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो सगळ्यात कमी बोलला जातो. गॅसचा प्लांट म्हणजे भाड्याचं घर, सुरुवातीला पैसे कमी लागतात आणि मग इंधनाचं भाडं दर महिन्याला देत राहायचं. सोलर किंवा पवन म्हणजे कर्ज काढून घेतलेलं घर, जवळपास सगळा खर्च पहिल्याच दिवशी, नंतर फक्त हप्ता. म्हणजे विजेचा दर हा खरं तर कर्जाचा दर असतो. श्रीमंत देशांच्या तुलनेत विकसनशील देशांत सोलर प्रकल्पाला भांडवल दुपटीहून महाग पडतं, आणि त्याचा परिणाम बघा, जगातल्या सगळ्यात चांगल्या सौर जागांपैकी साधारण ६० टक्के आफ्रिकेत आहेत पण जगातल्या सोलर क्षमतेपैकी तिथे आहे सुमारे १ टक्का. ऊन आहे, पॅनल स्वस्त आहेत, अडतं ते बँकेत. गरीब देशांनी लवकर बदलावं असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी पॅनलच्या किमतीचे आलेख दाखवण्याआधी कर्जाच्या हमीबद्दल बोलावं.

जर्मनीबद्दल दोन्ही बाजू अर्धवट सांगतात म्हणून थोडं सविस्तर लिहितो. २००० च्या कायद्याने तिथे सौर, पवन अशा नव्या ऊर्जेच्या विजेला २० वर्षं ठरलेला भाव मिळाला आणि त्याचा बोजा ग्राहकाच्या बिलावर अधिभार म्हणून आला, २०१७ मध्ये हा अधिभार युनिटमागे ६.८८ सेंटपर्यंत गेला. भरपूर वीज लागणाऱ्या मोठ्या कारखान्यांना त्यात सवलत होती, म्हणजे घरगुती ग्राहक आणि छोटे धंदे जास्त भरत होते. शेवटी जुलै २०२२ मध्ये अधिभार शून्यावर आणून तो खर्च सरकारी तिजोरीतून द्यायला सुरुवात झाली. जर्मन कुटुंबांनी महागात पॅनल घेतले म्हणून कारखाने वाढले, कारखाने वाढले म्हणून पॅनल स्वस्त झाले आणि त्याचा फायदा आज सगळं जग घेतंय, हे मान्य करायलाच हवं. पण त्या कुटुंबाने तक्रार केली तर तिला पर्यावरणविरोधी म्हणून झटकून टाकणं मला अन्याय वाटतो, बोजा वाटून घ्यायची पद्धतच चुकली होती.

रोजगाराचंही तसंच. २०२३ मध्ये जगभरात नव्या ऊर्जेच्या क्षेत्रात १ कोटी ६२ लाख रोजगार होते असं आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था सांगते, आकडा मोठाच आहे, पण त्यातले जवळपास निम्मे एकट्या चीनमध्ये, कारण पॅनल बनवण्याच्या जवळपास प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. खाण बंद पडते एका गावात आणि नोकरी निघते भलत्याच देशात, त्या खाणकामगाराला जागतिक बेरीज सांगून काय उपयोग? जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणी बंद करायचं २००७ मध्ये ठरवलं आणि बोट्रोपची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली. मधली अकरा वर्षं लवकर निवृत्ती, नवं प्रशिक्षण, दुसरीकडे बदली असं करत माणसं हलवली, अर्थात सरकारने त्यासाठी भरपूर पैसा ओतला. उलट दक्षिण आफ्रिकेत कोमाटीचा कोळसा प्लांट ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाला आणि त्याजागी सोलर, बॅटरी, प्रशिक्षण यासाठीचं जागतिक बँकेचं ४९.७ कोटी डॉलरचं पॅकेज मंजूर झालं पुढच्या महिन्यात. म्हणजे प्लांट आधी बंद आणि पर्यायी कामाची तयारी नंतर. कायम कामगारांना दुसरीकडे घेतलं, पण कंत्राटी कामगार आणि प्लांटच्या जिवावर चालणारे आजूबाजूचे छोटे धंदे मागे राहिले. आता तिथला माणूस सोलरला विरोध करत असेल तर त्याला अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही.

आणि वायरी, सबस्टेशन, साठवण यांचा खर्च कुणी लपवू नये. जर्मनीत २०२४ मध्ये साडेचारशेहून जास्त तास विजेचा घाऊक भाव शून्याच्या खाली होता, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच वर पैसे द्यावे लागत होते, दुपारी ऊन भरपूर आणि ती वीज हवी तिथे न्यायला किंवा संध्याकाळसाठी साठवायला सोय अपुरी. हा खर्च करावाच लागेल, माझ्या मते तो करण्यासारखा आहे, कारण गॅसवर राहिलं तर २०२२ सारखा झटका परत कधी बसेल हे आपल्या हातात नाही, आणि पॅनल बाहेरून आणावे लागले तरी एकदा बसवले की २५-३० वर्षं चालतात, पुरवठादार रुसला म्हणून दुसऱ्या दिवशी अंधार होत नाही. फक्त हा खर्च "स्वस्त वीज" च्या आकड्यात धरलाय की नाही हे स्पष्ट सांगा, नाहीतर चार वर्षांनी बिल वाढलं की लोकांचा विश्वासच उडतो आणि मग चांगला प्रकल्पही अडतो.

म्हणून आपल्याला एक विनंती. एखाद्या प्रकल्पाची बातमी देताना त्याचे मेगावॉट आणि युनिटचा दर आपण छापताच, त्यासोबत कर्जाचा व्याजदर, कराराची मुदत, ग्रिडचा खर्च कुणाच्या बिलात जाणार आणि जुना प्लांट बंद होणार असेल तर त्यातल्या कंत्राटी कामगारांची काय सोय केली, ही माहितीही मिळवून छापावी. आणि कंपनी किंवा खातं ती द्यायला तयार नसेल तर तेही तसंच छापावं.

आपला,
एक नियमित वाचक