चरईतल्या ऑर्गनवाल्या काका-काकूंना आणि ताईला

प्रिय काका, काकू आणि ताई,

नाव टाकायचं नाही असं काकांनी फोनवर दोनदा बजावलंय म्हणून टाकत नाही, पण ठाण्यात ज्यांच्या घरी जुनी पायपेटी किंवा ऑर्गन आहे त्यांना बरोबर कळेल मी कोणाबद्दल लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू म्हणून झालं, पेढे देऊन झाले, पण ते काही पुरेसं वाटेना. शिवाय मधे मी तुमच्यावर फोनवर चिडले होते, तेही डोक्यात राहिलंय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि महिन्यात घर खाली करायचं होतं. कपाटं, भांडी, पुस्तकं सगळं कुठे ना कुठे गेलं, राहिला मधल्या खोलीतला आजोबांचा ऑर्गन. हातपेटी नाही हो, खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता मारायचा तो, अमेरिकन बनावटीचा, कपाटाएवढा. आजोबा दिवसा नोकरी आणि रात्री हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना साथ, असे. ते गेल्यावर वीसेक वर्षं त्याच्यावर आधी टीव्ही होता आणि नंतर वायफायचा राउटर. भंगारवाला पंधराशे म्हणाला, तेही लाकडाचे. एक दुकानवाला म्हणाला, आतलं सगळं काढून कीबोर्ड बसवून देतो, बाहेरून सेम टू सेम दिसेल मॅडम. आणि खरं सांगते, मी जवळजवळ हो म्हटलं होतं, कारण ऐरोलीच्या भाड्याच्या घरात हे धूड कुठे ठेवायचं हाच प्रश्न होता.

मग बाबांच्या ओळखीतल्या एका कीर्तनकारांनी तुमचा पत्ता दिला. काका आले, शर्टाच्या बाह्या वर केल्या, पायाने दोनदा भाता मारला, फुस्स आवाज आला, मागची फळी काढली, टॉर्च मारला आणि म्हणाले, "उंदीर. भाता गेलाय, सूर शाबूत आहेत." एवढंच. किंमत विचारली तर म्हणाले आधी उघडू दे.

तुमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं दुकान असेल, पण ते म्हणजे तुमच्या घराची अर्धी पडवी आणि मागची एक खोली. भिंतीला टांगलेले भाते, डब्यांमध्ये मेलेल्या पेट्यांचे काढून ठेवलेले रीड (म्हणजे काका ज्यांना सूर म्हणतात त्या हवेने थरथरणाऱ्या पितळी जिभा), गॅसवर सरसाचं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या जुन्या गोंदाचं, पातेलं आणि शेजारच्या शेगडीवर काकूंची आमटी. दोन्हीचे वास एकमेकांत मिसळलेले! काकूंनी फुगे (ते गोल तळलेले पाव) दिले खायला, मी आधी एकच घेतला आणि नंतर लाज सोडून चार खाल्ले.

ताई, तू तो टिश्यू पेपरचा प्रयोग दाखवलास तो मी आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. हातपेटीत भाता हवा आत दाबतो आणि ती सुरातून बाहेर पडते, या ऑर्गनमध्ये उलटं, भाता हवा ओढून घेतो, पट्टी दाबली की बाहेरची हवा सुरातून आत शिरते. तू रीडच्या खाचेसमोर कागदाचा तुकडा धरलास, मला पट्टी दाबायला सांगितलंस आणि कागद चटकन आत ओढला गेला. माझं वय त्रेचाळीस आणि मी लहान पोरासारखी टाळी वाजवली. आणि तेव्हाच कळलं की आमच्या ऑर्गनमध्ये इतकी धूळ का होती, वर्षानुवर्षं घरातली हवा तोच ओढत होता, आजोबांच्या उदबत्तीसकट.

61 पट्ट्या, सुरांच्या दोन ओळी, म्हणजे 122 रीड. ते सगळे तू आकड्याने एकेक ओढून काढलेस, मऊ ब्रशने साफ केलेस आणि नंबर घातलेल्या फळीवर ओळीने लावलेस. तीनच तुटलेले निघाले. त्यांच्या जागी डब्यातले जुने बसवून सुरात आणलेस, टोकाशी जरासं खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, हे तू इतक्या सहज सांगितलंस की मला वाटलं मीही करेन. मग तूच म्हणालीस, हात लावू नकोस.

भात्याची गोष्ट मात्र वेगळी. आधी कोणीतरी एका कारागिराने (कोण ते माहीत नाही, आजोबांच्याच काळातला असणार) भात्याला रेग्झिन लावलं होतं आणि तेही पांढऱ्या गमाने. काका त्या दिवशी खरंच चिडले होते. सरसाने चिकटवलेलं असतं तर गरम पाण्याच्या फडक्याने सुटलं असतं, उद्या दुसऱ्या कोणाला उघडायचं झालं तर लाकूड न फाडता उघडता येतं, पण या गमाने लाकडाचे पापुद्रे सुटले. दोन दिवस नुसतं खरवडण्यात गेले. मग काका, तुम्ही सरसच वापरलात आणि बरोब्बर जुलैत. दमट हवेत तो वाळेचना. दोन महिने सांगितलेलं काम पाच महिन्यांवर गेलं आणि मी फोनवर बोलले ते बोलले. आमचा भाडेकरार, बाबांचं रोज विचारणं, सगळं तुमच्यावर काढलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाऊस माझ्या हातात आहे का ग?" सॉरी काका.

आता मुख्य गोष्ट. ऑर्गन जुळला तेव्हा मी मोबाईलवर ट्युनर लावला आणि बघितलं तर ए हा सूर सेकंदाला 440 कंपनांऐवजी 435 च्या आसपास. मी म्हटलं अरे हा तर उतरलाय, तानपुऱ्याच्या अ‍ॅपबरोबर कसा वाजणार, सगळे चढवून द्या, लागतील ते पैसे देते. कोणीही हो म्हटलं असतं, 122 सुरांची मजुरी होती! तुम्ही नाही म्हणालात. म्हणालात हा बिघडलेला नाही, असाच बनवलाय, 435 हे फ्रान्सने 1859 मध्ये कायद्याने ठरवलेलं माप, पुढे कितीतरी ठिकाणी तेच चालायचं, 440 वर एकमत झालं ते 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत आणि तुझा ऑर्गन त्याच्या आधीचा. फरक किती, तर सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराचा पाचवा हिस्सा. तेवढ्यासाठी प्रत्येक सुराचं पितळ खरवडायचं? "खरवडलेलं पितळ परत लावता येत नाही. तबला उतरवून घे, अ‍ॅप उतरवून घे, ते फुकट आहे." मी घरी येऊन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 435 टाकलं. अर्धा मिनिट लागला. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी शंभर वर्षांचं काम खरवडायला निघाले होते.

त्या दिवशी तुम्ही तुमच्या वडिलांबद्दलही बोललात, चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनांच्या कामाला हाताखाली जायचे ते. मी फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमधला पाइप ऑर्गन लांबून पाहिलाय, पण आमच्या ऑर्गनच्या खटक्यावर (सुरांची ओळ चालू-बंद करायचा दांडा तो) "8" का लिहिलंय हे तुम्ही सांगेपर्यंत मला नंबरच वाटायचा. ते आठ फूट! पाइप ऑर्गनमध्ये तशा ओळीतल्या सगळ्यात खालच्या सुराची नळी साधारण आठ फूट लांब, तिचं माप आमच्या ऑर्गनने नुसतं मिरवायला उचललंय, आत पितळेची बोटभर जीभ. पण पाइपचं एक दुखणं की उन्हाळ्यात नळीतली हवा तापते आणि सूर चढतो, पितळेच्या जिभेला त्याचं फारसं काही नाही. म्हणून वीस वर्षं बंद राहूनही आमचे सूर आपापल्या जागेवर होते, म्हणालात. बाबांना हे फार आवडलं. रेडिओवर 1940 ते 1971 पेटीला बंदी होती, तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, बारा सुरांवर अडकते म्हणून, आणि आजोबा त्यावरून शेवटपर्यंत कुरकुरायचे, तर बाबा म्हणाले पेटीच्या बाजूने बोलणारी ही पाइपची गोष्ट त्यांना ऐकवायला हवी होती.

काकू, तुमचा तो फोन. "पट्ट्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या आहेत, पुसू का ठेवू?" आत्या सात वर्षांची असताना आजोबांनी काळी चारपासून (सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीपासून) सा रे ग म लिहून चिकटवलं होतं. मी विसरूनही गेले होते. पट्ट्या स्वच्छ करताना ते आपोआप निघून गेलं असतं आणि मला कळलंही नसतं. तुम्ही कापसाच्या बोळ्याने चिठ्ठ्यांच्या कडेकडेने साफ केलंत. "प" अर्धी फाटलीय, ती तशीच आहे. आत्याला फोटो पाठवला, तिचा उत्तर म्हणून फोन आला, दहा मिनिटं बोलली, त्यातली आठ मिनिटं आजोबा कसे ओरडायचे यावरच.

ऑर्गन घरी आला त्या दिवशीही पाऊस. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं, टेंपो अर्धा तास अडकला, ताई मागे ताडपत्री धरून बसलेली. ऐरोलीत लिफ्टमध्ये मावेना म्हणून चार जणांनी जिन्याने तीन मजले चढवला. बाबा बसले, हात थरथरत होते, ते वयाने. काहीतरी सुरू केलं आणि ताईने हळूच "व्हॉक्स ह्युमाना" लिहिलेला खटका ओढला. आत हवेवर फिरणारा एक छोटा पंखा असतो, तो गरगरायला लागला की सूर माणसाच्या गळ्यासारखा कापतो. बाबा वाजवायचे थांबले. जन्मभर त्यांना वाटत होतं तो खटका नुसता शोभेचा आहे, आजोबांच्या वेळीही तो पंखा कधी फिरलाच नव्हता. मग बाबांनी तेच परत सुरू केलं आणि मुलं जेवायला बोलावत होती तरी उठेनात.

बिलाचं बोलू नका म्हणालात, पण अठ्ठावीस सांगून साडेसव्वीस हजार घेतलेत, उशिराचे कापले म्हणून. हे मला पटलेलं नाही, आणि तो हिशोब काकूंकडे मी वेगळा चुकता करणार आहे.

रोज दहा मिनिटं वाजवतो, तुम्ही सांगितलं तसं. मधल्या सप्तकातली एक पट्टी पावसात जरा अडकतेय, मी काही केलेलं नाही, गम तर अजिबात नाही. गणपतीत आरतीला ऑर्गन लागणार आहे, तुम्ही तिघं जेवायलाच या, आणि ताई, येताना तुझा तो आकडा घेऊन ये.

तुमची,
ऐरोलीची (मूळची नौपाड्याची) ऑर्गनवाली