पदक आणल्यावर सत्कार करता, त्याआधीच्या वर्षांचं काय? क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

माननीय क्रीडामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

साहेब, माझी मुलगी टेनिस खेळते. वय २०. ज्युनिअर नॅशनल झाल्या, आता आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा खेळते, म्हणजे प्रोफेशनल. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात तिचा सत्कार झाला तेव्हा स्टेजवरून सांगितलं गेलं की परदेशातल्या स्पर्धांसाठी मदत मिळेल, अर्ज करा, पैशाअभावी एकही मुलगी मागे राहणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो पण छापून आला. आम्ही अर्ज केला. तिकिटं, हॉटेलची बिलं, रँकिंगची प्रिंट, जे मागितलं ते सगळं जोडलं. परवा उत्तर आलं की आंतरराष्ट्रीय पदक नसल्यामुळे अर्ज निकषात बसत नाही. दोन ओळी, खाली सही.

अहो पदक येणार कुठून? टेनिसमध्ये एशियाड आणि ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा येतात, तिथं भारताच्या टीममध्ये जायला रँकिंग लागतं, रँकिंगला पॉइंट लागतात, पॉइंटसाठी स्पर्धा खेळाव्या लागतात आणि स्पर्धांना जायला पैसे लागतात. ज्याच्यासाठी मदत मागतोय तेच आधी आणून दाखवा म्हणता. हा निकष ज्यांनी लिहिला त्यांनी टेनिसचं कॅलेंडर एकदा तरी बघितलंय का?

मी सांगतो कसं असतं ते. सगळ्यात खालची पायरी म्हणजे १५ हजार डॉलरची स्पर्धा. ऐकायला मोठी वाटते पण ते पैसे सगळ्या खेळाडूंत, सिंगल्स डबल्स मिळून वाटले जातात. मेन ड्रॉच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हरलं तर दीडशे डॉलरच्या आसपास, म्हणजे १२-१३ हजार रुपये, त्यातून पण टॅक्स कापतात. आणि मेन ड्रॉ मिळायच्या आधी क्वालिफाइंग, म्हणजे पात्रता फेऱ्या, तिथं हरलं तर काहीच नाही. या स्पर्धा जवळजवळ दर आठवड्याला कुठं होतात तर ट्युनिशियात मोनास्तीरला. म्हणून आमची पोरगी तिकडं जाते. विमान, व्हिसा, रिसॉर्टचं भाडं, रॅकेटच्या गटिंगचे, म्हणजे तारा बसवायचे पैसे वेगळे, कोच बरोबर न्यायचा म्हटलं तर सगळं डबल, म्हणून ती एकटीच जाते. २० वर्षांची मुलगी, अंगात ताप असताना क्वालिफाइंग खेळली कारण रिटर्न तिकीट बदलायला पैसे नव्हते. तिच्या आईनं ती रात्र फोन हातात धरून काढली. मी चिंचवडला एका कंपनीत नोकरी करतो, पीएफ काढून झाला, गावाकडची जमीन गेली, आता सोसायटीचं कर्ज आहे. नातेवाईक म्हणतात पुरे आता, लग्नाचं बघा. ती सकाळी साडेपाचला कोर्टवर असते हो, कुणाच्या तोंडाकडे बघून पुरे म्हणू?

हीच मुलगी रँकिंगमध्ये साधारण २३०-२४० च्या आत गेली की विम्बल्डनसारख्या ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगला जाते आणि तिथं पहिल्या फेरीत हरली तरी १५ लाखांहून जास्त रुपये मिळतात. तिथून पुढं तिला तुमची गरज नाही, माझी पण नाही. आयटीएफनंच दहा-बारा वर्षांपूर्वी पाहणी केली होती, त्यात मुलींचा खर्च आणि कमाई साधारण २५३ व्या नंबरला बरोबरीत येतात असं निघालं. त्याच्या मागच्या सगळ्या जणी घरचे पैसे घालून खेळतात. मदत लागते ती याच टप्प्यात आणि तुमचे निकष नेमके हाच टप्पा सोडून बनवलेत.

सुमित नागलचं तरी आठवत असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये देशातला एक नंबरचा खेळाडू सांगत होता की माझ्या खात्यात ९०० युरो उरलेत, आणि वर्षाचा खर्च कोटीच्या घरात. चार महिन्यांनी त्यानंच ऑस्ट्रेलियन ओपनला ३१ व्या सीडेड, म्हणजे मानांकित बुब्लिकला हरवलं, रमेश कृष्णननंतर ३५ वर्षांनी ग्रँड स्लॅम सिंगल्समध्ये भारतीय पुरुषानं सीडेड खेळाडूला हरवलं. त्यानं जाहीर बोलून दाखवलं म्हणून लोक मदतीला धावले. जे बोलत नाहीत त्यांचं काय? आपल्या ऋतुजा भोसलेनं २०२३ च्या एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड आणलं, बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेनं २०१४ ला सानियाबरोबर ब्राँझ आणलं. पदक आल्यावर फुलं, बक्षीस सगळं होतं, त्याच्या आधी किती वर्षं या मुली असल्या छोट्या स्पर्धांत झिजल्या ते कोणी विचारत नाही.

आणि हे पुण्यात घडतंय याचं जास्त वाईट वाटतं. १९७४ साली इथंच भारतानं सोव्हिएत युनियनला हरवून डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांमधल्या टेनिस स्पर्धेची फायनल गाठली होती. भारताची टेनिसपटू अंकिता रैना अहमदाबाद सोडून सरावाला पुण्यात आली. बालेवाडीत २०१८ ला चेन्नईची एटीपी टूरची, म्हणजे पुरुषांच्या वरच्या दर्जाची स्पर्धा आली, आख्ख्या दक्षिण आशियातली एकमेव, आमच्या पोरांनी केविन अँडरसन, कार्लोविच असे मोठे खेळाडू डोळ्यांनी बघितले, पुण्याचा अर्जुन कढे घरच्या लोकांसमोर मेन ड्रॉ खेळला. २०२३ ला ती शेवटची झाली आणि तो आठवडा हाँगकाँगला गेला. पुणेकरांना कोणी सांगितलं का, का गेला? उद्घाटनाला खुर्च्या कमी पडत होत्या, गेल्यावर बोलायला एक माणूस नाही. प्रत्येक खेळाचं असंच आहे, कबड्डी घ्या, ॲथलेटिक्स घ्या, संघटनांवर राजकारणी, बॅनरवर राजकारणी, आणि खेळाडूच्या पोटात काय जातं ते त्याच्या आईबापानं बघायचं. तुमच्या एका बॅनरच्या खर्चात मुलीच्या दोन महिन्यांच्या स्ट्रिंग्स आल्या असत्या.

माझं मागणं फार नाही. टेनिसला पदकाची अट काढा, रँकिंग बघा, वर्षभरात किती स्पर्धा खेळली ते बघा आणि पैसे बिलं आल्यावर नाही, जायच्या आधी द्या. आणि राज्यात पुणे, सोलापूर, नाशिक, नागपूर अशा लागोपाठ चार-पाच आठवडे मुलींच्या छोट्या स्पर्धा घ्या. त्या झाल्या तर आमच्यासारख्यांचा विमानाचा खर्चच वाचतो, एसटीनं जाऊन पॉइंट आणतील या पोरी.

पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेच्या एन्ट्रीची मुदत येत्या गुरुवारी संपतेय. मदत मिळणार असेल तर ती नाव टाकेल, नसेल तर मला तिला आत्ताच सांगावं लागेल. त्याच्या आधी हो की नाही एवढं एका ओळीत कळवा.

आपला,
एका टेनिस खेळणाऱ्या मुलीचा बाप
पिंपळे गुरव, पुणे