बेणारेबाई करायला निघालेल्या मैत्रिणीला

रत्नागिरी,
२१ जून

प्रिय वैशू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. शाळेतून आले, छत्री ओसरीवर उघडी टाकली आणि ओल्या पदरानेच वाचायला बसले. तुमचा ग्रुप या वर्षी राज्य नाट्यस्पर्धेला विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' करतोय आणि त्यातली शिक्षिका, नायिका बेणारे तू! दोनदा वाचलं गं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये प्रॉम्प्टिंग करताना तू विंगेत उभी राहून दुसऱ्यांची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणायचीस, ते आठवलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी ही भूमिका घ्यावी का, असं विचारतेस. घे. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "शेवटच्या स्वगतात रडू आवरणार नाही, म्हणून भीती वाटते," त्यावर मला सविस्तर लिहायचंय. बेणारे पहिल्यांदा उभी करणाऱ्या सुलभा देशपांडे यांचं नाव काढल्याशिवाय मला ते लिहिता येणार नाही.

तुला ठाऊकच आहे, मी दादरची. छबिलदासची गल्ली म्हणजे आमचा रोजचा रस्ता, वड्याच्या वासातून वाट काढत स्टेशन गाठायचं. आई त्या शाळेकडे बोट दाखवून नेहमी सांगायची, "सुलभाबाई इथे शिकवायच्या." आई स्वतः शिक्षिका, त्यामुळे नटी हा शब्द तिने त्यांच्यासाठी कधी वापरला नाही. तिच्या लेखी त्या आधी बाई होत्या आणि मग उरलेलं सगळं. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. आता पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिल्यावर वाटतं, आईने नेमकं ओळखलं होतं.

जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या तरुण दिग्दर्शकाला त्या फक्त 'इंग्लिश विंग्लिश'मधल्या प्रेमळ सासूबाई म्हणून माहीत आहेत, असं तू लिहिलंयस. त्याचा राग नाही, पण वाईट वाटलं. त्या माहेरच्या कामेरकर. जन्म १९३७चा. छबिलदास मुलांच्या शाळेत शिकवताना मुलांसाठी नाटकं हवी होती, आणि ती लिहून द्यायला होते विजय तेंडुलकर. म्हणजे बघ, ज्या नाटककाराने पुढे सगळा मराठी समाज हादरवला, त्याची आणि या बाईंची गाठ शाळेच्या नाटकापाशी पडलेली. १९६०च्या सुमारास विजयाबाई मेहतांची नाट्यसंस्था 'रंगायन' उभी राहिली, तीत सुलभाबाई होत्या, अरविंद देशपांडे होते, तेंडुलकरही होते. अरविंद हे त्यांचे पती, आणि 'शांतता'चे दिग्दर्शकही तेच.

'शांतता'चा जन्म तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ असेल. पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींनी तेंडुलकरांना रस्ता विचारला, त्यांच्या गप्पा कानावर पडल्या आणि त्यातून नाटक निघालं. १९६७ साली 'रंगायन'ने ते स्पर्धेसाठी केलं. पण तुझ्या कामाची गोष्ट वेगळी आहे. ज्या स्वगताला तू घाबरतेस, ते लिहायला तेंडुलकर तयार नव्हते. बेणारेने गप्प राहावं, असं त्यांना वाटत होतं. अरविंद देशपांडे हटून बसले, की तिला बोलू दिलंच पाहिजे. ते बसले हटून म्हणून आज ती बोलते. मला हे फार मोठं वाटतं. दिग्दर्शक आपल्या नटीला ओळखत असेल, घरात रोज बघत असेल, तर तो असा हट्ट धरू शकतो.

आता ते स्वगत पुन्हा वाच. आजच वाच, भाजी फोडणीला टाकायच्या आधी. खेळ म्हणून मांडलेलं आणि तिच्यावरच उलटलेलं ते कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं, आणि ती बोलते तेव्हा बाकीचे सगळे जागच्या जागी गोठलेले असतात. म्हणजे ती जे बोलते ते त्यांच्यापैकी कुणाच्याही कानावर पडत नाही. तू म्हणतेस त्याप्रमाणे त्यात कोवळ्या वयात तिने जीव लावलेला मामा आहे, तिच्या पोटातल्या मुलाचा बाप प्रोफेसर दामले आहे, वाटेल तेवढं दुःख आहे, आणि नटीला वाटतं की हाच माझा क्षण. पण वैशू, त्या स्वगताच्या मधोमध वर्ग आहे. मुलं आहेत. मनातून कोसळत असताना आपण त्या पोरांना हसायला शिकवलं, आपल्या निराशेचा डाग त्यांच्यावर पडू दिला नाही, असं ती सांगते. हे सांगताना ती कण्हत नाही. तिच्या शब्दांत जे येतं ते माझ्या ओळखीचं आहे. घरी आजारी नवऱ्याजवळ रात्र जागून सकाळी नववी 'ब'समोर हजेरी घेताना तोंडावर जे येतं, तेच.

पहिल्या अंकातसुद्धा बघ ना. ती आत येते ती दाराच्या कडीत बोट चेमटून, आणि त्या गावातल्या साध्याभोळ्या सामंतांशी बोलता बोलता कशावर बोलते? वर्गावर! आपण शाळेत कधी उशिरा जात नाही, मुलं आपल्यावर जीव टाकतात, म्हणूनच बाकीच्यांच्या पोटात दुखतं. आणि नाटक संपता संपता न्यायाधीश झालेला काशीकर जी बातमी सांगतो ती काय? शाळेच्या संस्थेने तिला काढून टाकायचं ठरवल्याची. कोर्टाची शिक्षा भयंकरच आहे, तिच्या पोटातला गर्भ संपवण्याची. पण मला विचारशील तर तिची पायाखालची जमीन सरकते ती नोकरीच्या बातमीने. पुरुषांनी फसवलं तरी ती उभी होती. वर्ग काढून घेतला की ती कुणीच उरत नाही. ज्या कडीने आधी बोट चेमटलं, तीच कडी पुढे तिला बाहेर पडू देत नाही. तेंडुलकरांची ती करामत बघून अजून माझ्या अंगावर काटा येतो.

माझं म्हणणं इतकंच, की ही भूमिका पहिल्यांदा ज्या बाईकडे गेली, तिने खरोखरचा वर्ग पाहिला होता. खडूची पूड नखांत गेलेली बाई. मी त्यांना रंगमंचावर या भूमिकेत पाहिलं नाही, माझा जन्मही नव्हता. सत्यदेव दुबेंनी १९७१मध्ये केलेला चित्रपट मात्र पाहिलाय, कॅमेरा गोविंद निहलानींचा, बेणारे सुलभाबाईच. मिळाला तर बघ. आईने नाटक पाहिलं होतं. बाबा सांगायचे, की प्रयोग बघून आई घरी आली, कुणाशी बोलली नाही, आणि रात्री अकरा वाजता मुलांच्या वह्या तपासायला घेऊन बसली.

१९७१मध्ये सुलभाबाई, अरविंद आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था काढली. पहिलं नाटक कार्नाडांचं 'तुघलक', मोठं, खर्चाचं, बादशाही. पण संस्थेचं खरं घर सापडलं ते १९७४मध्ये, छबिलदास शाळेच्या सभागृहात. शाळा सुटायची आणि नाटकवाले यायचे. पुढची कितीतरी वर्षं मराठीतलं जे जे धाडसाचं, वेडंवाकडं, गल्ल्याची पर्वा न करणारं होतं, ते त्या जागेत झालं. लोक त्याला छबिलदास चळवळ म्हणतात. चळवळ म्हटलं की मोर्चा डोळ्यापुढे येतो, मला तर वर्गातली बाकं बाजूला सरकवल्याचा आवाज आठवतो. आमच्या दादरच्या पोरांना तो आवाज म्हणजे आज कुणाचं तरी काहीतरी आहे, एवढंच कळायचं.

इथे तुला माझं एक दुखणं सांगते, आजवर कुणाला फारसं सांगितलं नाही. मागच्या शाळेत असताना मी सहावीच्या मुलांचं नाटक बसवत होते. शाळा सुटल्यावर एक तास सभागृह मिळावं, म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, फरशी खराब होते. आम्ही महिनाभर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली तालीम केली. प्रयोगाच्या आदल्या दिवशी पाऊस आला आणि कागदी मुकुटांचा लगदा झाला. एक मुलगी तो लगदा ओंजळीत घेऊन माझ्याकडे आली, "बाई, राजा आता काय घालणार?" मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री मी छबिलदासबद्दल विचार करत राहिले. एका शाळेने आपलं सभागृह उघडून दिलं म्हणून एका भाषेचं नाटक बदललं. सभागृह उघडून देणारं कुणीतरी असावं लागतं, आणि ते मागायला जाणारं, त्या शाळेच्या आतलं, भरवशाचं माणूसही असावं लागतं.

'आविष्कार'ची मुलांची शाखा 'चंद्रशाला' सुलभाबाईंनी चालवली. मोठ्यांच्या रंगमंचावर एवढं नाव झाल्यावर किती जण मुलांकडे परत वळतात सांग? त्या परत परत वळल्या. बालचित्र समितीसाठी 'राजा रानी को चाहिए पसीना' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला, तो १९७८चा. आणि १९८२मध्ये 'दुर्गा झाली गौरी' हे मुलांचं नाटक. ते मी पाहिलं, वैशू! प्रयोग कितवा होता देव जाणे, मी नऊ-दहा वर्षांची असेन. संगीत भास्कर चंदावरकरांचं होतं हे फार पुढे कळलं. तेव्हा कळलं एवढंच, की रंगमंचावर पुष्कळ मुलं आहेत आणि ती सगळी माझ्याएवढी आहेत. घरी आल्यावर मी पलंगावर उभी राहून नाचत होते, आणि आई ओरडली नाही. मी आज पोरांची नाटकं बसवते त्याचं मूळ त्या संध्याकाळी आहे.

चित्रपटांचं लांबण लावत नाही. 'भूमिका'मधली स्मिता पाटीलची आई तेवढी नक्की बघ, मुलीच्या आयुष्यावर डोळ्यात तेल घालून पहारा करणारी, कठोर आणि तितकीच भेदरलेली. आणि 'चौकट राजा'. आपण दोघींनी बारावीच्या सुट्टीत बघितला होता तो, आठवतंय? गतिमंद नंदूची आई. दिलीप प्रभावळकरांचं कौतुक सगळ्यांनी केलं, करायलाच हवं होतं, पण तू मध्यंतरात मला म्हणाली होतीस, "त्या आईकडे बघ, ती काहीच करत नाहीये आणि मला रडू येतंय." ते वाक्य तुझंच आहे. तुझ्या भीतीवरचं औषध तूच मला तीसएक वर्षांपूर्वी सांगून ठेवलंयस. त्या काही करत नव्हत्या असं कसं म्हणू, पण जे करत होत्या ते दुखण्याचं प्रदर्शन नव्हतं. स्वतःकडे न बघता समोरच्या पोराकडे बघत होत्या. वर्गात उभं राहणाऱ्या बाईची नजर अशीच असते, चाळीस पोरांत कोण आज जेवून आलं नाही ते शोधणारी.

म्हणून माझं ऐक. स्वगताच्या तालमीत समोर प्रेक्षक आहेत असं मनात आणू नकोस, दामलेही आणू नकोस. तूही बाईच आहेस, तुझा सातवी 'अ'चा वर्ग आण. खिडकीपाशी बसणारा तो तुझा बोबडा मुलगा आण. त्यांच्यासमोर तू रडशील का? नाही ना रडणार. गिळशील, हसशील आणि पुढचं पान काढायला सांगशील. ते गिळणं प्रेक्षकाला दिसू दे. आणि शेवटी सामंत तो हिरवा कापडी पोपट तुझ्याजवळ ठेवून जाईल, तेव्हा हलूसुद्धा नकोस. तिथे नटीने काही करायचं नसतं, पोपट करतो.

दिग्दर्शकाला हे सांगताना जपून सांग. तरुण आहे, त्याला वाटेल बाई शिकवायला लागल्या.

अरविंद देशपांडे १९८७मध्ये गेले. त्याच वर्षी सुलभाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार होता. त्या दोन गोष्टी एकाच वर्षात एका माणसाने कशा पेलल्या असतील, याचा विचार करते आणि तिथेच थांबते. त्यानंतरही त्या जवळजवळ तीस वर्षं काम करत राहिल्या. ४ जून २०१६ला गेल्या. जूनचा पहिला आठवडा, शाळा उघडायचे दिवस. मी त्या दिवशी नव्या वह्यांना कव्हरं घालत बसले होते, टीव्हीवर पट्टी सरकली. आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बाई गेल्या." एवढंच.

आईकडे 'शांतता'च्या पुस्तकाची जुनी प्रत आहे, पानं पिवळी पडलीत आणि बेणारेच्या शाळेवरच्या वाक्यांखाली तिने पेन्सिलीने रेघा ओढल्यात. त्या पानांचे फोटो न पाठवता पुस्तकच पाठवते, रजिस्टरने. तालमीत वापर, पण वर चहाचा कप ठेवू नकोस. स्पर्धेची तारीख कळली की लगेच कळव, रजेचा अर्ज आधी टाकावा लागतो. आईलाही घेऊन येईन, तिला पुढच्या रांगेतली खुर्ची लागेल, हल्ली ऐकू कमी येतं.

तुझ्या लेकाला आशीर्वाद, भावजींना नमस्कार.

तुझी,
मंजू