अण्णांच्या डोकेदुखीबद्दल

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला, फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितोय. अण्णांना सीएलएल, म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक प्रकार, त्यावरची इब्रुटिनिब गोळी सुरू होऊन दोन-तीन महिने झालेत, आठवडाभर डोकं दुखतंय, उजव्या हातातून चहाचा कप निसटतोय आणि तू म्हणतोस वयामुळे असेल. असेलही. पण त्या भरवशावर थांबू नकोस रे.

अस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो, फुप्फुसातल्या पेशी ते गिळून टाकतात, विषय संपला. ब्लड कॅन्सरमध्ये ह्या पेशीच ढिल्या पडतात, मग बुरशी फुप्फुसात रुजते, रक्तवाहिनीत घुसते आणि रक्तासोबत मेंदूत. एरवी हे केमोनंतर पांढऱ्या पेशींचा काउंट पडलेल्या पेशंटमध्ये दिसतं, पण इब्रुटिनिबवर काउंट बरा असूनही होऊ शकतं, कारण ते औषध कॅन्सरच्या पेशीतलं जे एन्झाइम अडवतं तेच बुरशी मारणाऱ्या पेशींनाही लागतं. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये इब्रुटिनिबवर बुरशी झालेले ३३ पेशंट मांडले, २७ जणांना अस्परजिलस, त्यातल्या ४० टक्क्यांच्या आसपास लोकांच्या मेंदूत, आणि बहुतेकांना पहिल्या सहा महिन्यांतच. मुळात दुर्मिळच आहे हे, घाबरू नकोस, पण अण्णा नेमके त्याच महिन्यांत आहेत.

मागे आमच्या लॅबला मेंदूतला पू आला होता, फॉर्मवर 'टीबीची गाठ?' असं लिहिलेलं. आपल्याकडे एमआरआयवर कडा चमकणारी गाठ दिसली की आधी टीबीच आठवतो, त्यात चूकही नाही म्हणा. स्लाइडवर चमकणारा रंग टाकून बघितलं तर बुरशीचे बारीक फांद्या फुटलेले धागेच धागे. टीबीची औषधं महिनाभर चालू होती बिचाऱ्याची.

म्हणून उद्याच एमआरआय विचार, नुसत्या सीटीवर समाधान मानू नकोस, आणि छातीचा सीटीही करायला सांग. बुरशी निघालीच तर बहुतेक व्होरिकोनॅझोल देतील, ते मेंदूत चांगलं पोचतं, पण त्याने रक्तात इब्रुटिनिब भरमसाट वाढतं, तेव्हा त्या गोळीचं काय करायचं हे कॅन्सरच्या डॉक्टरांनाच ठरवू दे, मेडिकलवाल्याला विचारत बसू नकोस. आणि व्होरिकोनॅझोलवर अण्णांना भिंतीवर माणसं-बिणसं दिसायला लागली तर काकू लगेच दृष्ट काढतील, काढू देत, पण डॉक्टरांनाही कळव.

परसातला कंपोस्टचा खड्डा अण्णांनी अजिबात उकरायचा नाही, त्यात ही बुरशी खच्चून असते. ओरडतील, ऐकून घे. रिपोर्टचा फोटो आला की लगेच पाठव, रात्री कितीही वाजले तरी.

तुझा,
बाळ्या