बस तेवढी गाळलीत!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

काल तुम्ही मुलांच्या स्वप्नातल्या खान्देशावर रंगीत पुरवणी काढलीत, ती आमच्या घरात तिन्ही पिढ्यांनी वाचली. कागद चांगला, छपाई स्वच्छ. मधल्या दोन्ही पानांवर खासगी शिकवणीची जाहिरात होती आणि तिच्यातली मुले मजकुरातल्या मुलांपेक्षा जास्त आनंदी दिसत होती, तेही चालायचेच. वर्तमानपत्र फुकट निघत नाही, एवढे मलाही कळते.

माझी तक्रार पाचव्या पानाच्या तळाशी असलेल्या चौकटीबद्दल आहे. तिथे माझ्या नातीचे मनोगत आहे. ती नववीत शिकते. तिने पाठवले होते दोन फुलस्केप पाने भरून. जागा कमी पडते, काटछाट करावी लागते, मान्य. छापून काय आले? 'मला शास्त्रज्ञ व्हायचे आहे. मला विज्ञान विषय खूप आवडतो. मी मोठी होऊन आईवडिलांचे आणि देशाचे नाव उज्ज्वल करीन.'

यातले शेवटचे वाक्य तिचे नाहीच. कच्ची वही माझ्यासमोर उघडी आहे, तीत 'उज्ज्वल' हा शब्दच कुठे नाही. (असता तर एका ज ने लिहिला असता, शुद्धलेखन तिचे कच्चे आहे.) म्हणजे जागा कमी होती असेही नाही. तिचे काढून तुमचे घालायला जागा होती.

तिने लिहिले होते ते असे. शाळा तालुक्याला. विज्ञानाच्या बाई आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा उघडी ठेवतात, ज्याला यायचे त्याने यावे. हिला जायचे असते. पण आमच्या बाजूची बस शाळा सुटल्याबरोबर निघते आणि त्यानंतरची थेट रात्री. तीही फाट्यावर उतरवते. फाट्यापासून गावापर्यंत दोन्ही अंगाला कपाशी, रस्त्यावर दिवा एकही नाही, आणि मार्गशीर्षात सहालाच अंधारून येते. म्हणून तिच्या मते 2047 सालचा खान्देश कसा असावा, तर त्यात संध्याकाळी साडेसहाची एक बस असावी. ती गावात आत यावी. आतले दिवे लागावेत, म्हणजे येता येता वाचता येईल. पुढे तिने लिहिले होते की तेवढी बस झाली तर शास्त्रज्ञ व्हायचे तिचे ती बघून घेईल. हे वाक्य मी तिला सांगितलेले नाही. मला सुचलेही नसते.

काल दुपारी पुरवणी हातात घेऊन तिने विचारले, "आबा, बसनं त्यास्नी काबर काढी टाकं?" मी म्हटले, पेपरवाल्यांना बस हे स्वप्न वाटले नसेल. त्यांच्या दारावरून रिक्षा जात असतील.

तिच्या आत्याचे सांगतो. आमच्या गावात तेव्हा दहावीपर्यंतची सोय होती. पुढे तालुक्याला जायचे तर गाडीचे काही खरे नाही, एवढ्यावर घरात बोलणे थांबले. कोणी नाही म्हटले नाही आणि कोणी हो म्हटले नाही. जून गेला, जुलै गेला, कपाशी वेचणीला आली आणि दिवाळीनंतर स्थळ आले. मुलगी हुशार होती, आजही दुकानाचा सगळा हिशोब तोंडी करते. ती काल माहेरी आलेली होती. चौकट वाचून ती म्हणाली, चांगले आले आहे की. तिला मूळ पाने दाखवली तेव्हा मात्र ती काही बोलली नाही, घडी घालून परत दिली. मुलींना आता बारावीपर्यंत प्रवासाचा पास मोफत आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. चांगलीच गोष्ट आहे. नातीचा पास दप्तराच्या कप्प्यात असतो. पासावर बसून घरी येता येत नाही.

आता तुमच्या पहिल्या पानावरचे तज्ज्ञ. पुण्याचे आहेत. त्यांनी लिहिले आहे की 2047 मध्ये मुलांना शाळेत जावेच लागणार नाही, यंत्र घरबसल्या प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे शिकवील. म्हणजे बसचा प्रश्नच मिटला! फक्त तोवर नववीतली ही मुलगी पस्तिशी ओलांडेल. तिच्या मुलांच्या वतीने तज्ज्ञांचे आगाऊ आभार. त्याच लेखात मनमाड-इंदूर रेल्वेही धावली आहे. 309 किलोमीटर, 18,036 कोटी रुपये, सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, सगळे आकडे बिनचूक. आनंद आहे, धुळेकरांनी या गाडीची फार वाट पाहिली. आणि आमच्याकडचे तापीवरचे पाडळसरे धरण भरलेले दाखवले आहे. त्याला मात्र मुलांचे स्वप्न म्हणू नका. ते काम सुरू झाले तेव्हा या मुलीचा बाप शाळेत होता, तेव्हा ते त्याचे स्वप्न होते. आता तो कपाशीच्या भावाशिवाय दुसऱ्या कशावर बोलत नाही. तापी मात्र दर पावसाळ्यात आमच्यासमोरून गुजरातेत जाते.

कोटींत मोजता येईल ते स्वप्न पहिल्या पानावर, आणि साडेसहाची बस कचऱ्याच्या टोपलीत, हा हिशोब मला समजावून सांगा.

आमच्याच गल्लीतल्या एका मुलानेही पाठवले होते. त्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज काढायचे आहे, गावातच, फाट्यावर. कोणाची जागा, पाण्याची टाकी कुठे, बोर्ड कोणत्या रंगाचा, सगळे ठरलेले. त्याचे तर नावसुद्धा आले नाही. तुम्ही छापलेल्यांतले निम्मे कलेक्टर झाले आहेत आणि उरलेले डॉक्टर. सगळी गुणी मुले, आणि सगळी कुठे ना कुठे निघालेली. आमच्याकडची तरुण मुले आधीच सुरतेला, उधन्याला, नाहीतर चाकणला आहेत. सुरत-भुसावळ मार्ग दुहेरी झाल्यापासून जायची सोय तर उत्तमच आहे. गावात राहून काही करीन म्हणणारा एक मुलगा तुमच्या हाती आपण होऊन आला होता, तोही तुम्ही सोडून दिलात.

शेवटच्या पानावर साने गुरुजींचा फोटो छापलात, त्यावर फुलांची नक्षी. गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढत. शाळा सांभाळून, एकट्याने. तुमच्याकडे छापखाना आहे, संगणक आहे, माणसे आहेत. फोटोखाली तुम्ही लिहिले आहे, 'मुलांचे मन जाणणारे गुरुजी'. त्याच अंकात.

माझी मागणी मोठी नाही. येत्या रविवारी तिचे मूळ लिखाण बससकट छापा. दोन पाने मावत नसतील तर बसचाच परिच्छेद छापा, शास्त्रज्ञ गाळलात तरी चालेल. तेही जमत नसेल तर निदान एक ओळीचा खुलासा द्या की नाव उज्ज्वल करण्याचे आश्वासन संपादकीय विभागाचे आहे, मुलीचे नाही. हे मी मानपानासाठी म्हणत नाही. आज सकाळी वर्गात बाईंनी ती चौकट वाचून दाखवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना प्रयोगशाळेचे आणि बसचे सगळे ठाऊक आहे. त्यांनी नंतर हिला बाजूला घेऊन विचारले, 'एवढेच लिहिलेस होय ग?' हिला काही सांगता आले नाही. पेपरात आले म्हणजे तेच खरे, असे या वयात वाटते.

आणि प्रशस्तिपत्र पाठवणार असाल तर पाठवू नका. ज्या वाक्यावर ते मिळणार ते वाक्य लिहिणाऱ्यालाच द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
अमळनेर तालुका

ता. क. : लिहायलाच बसलो आहे तर हेही सांगतो. तुमच्या रोजच्या हवामानाच्या चौकटीत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि महाबळेश्वर असते. जळगाव नाही, धुळे नाही, नंदुरबारचे तर नावच काढू नका. मे महिन्यात पारा 45 वर गेला की तुमचा छायाचित्रकार रुमाल बांधलेल्या मुली शोधत भुसावळला येतो, जानेवारीत धुळे गारठले की शेकोटीचा फोटो येतो. एरवी आमच्याकडे हवामान नसते, अशी तुमची समजूत दिसते. अंक इथेही विकत घेतला जातो, आणि गेल्या महिन्यात त्याची किंमत वाढवलीत ती आमच्यासाठीही वाढवलीत.