शेवटच्या सायकलस्वाराच्या वेगाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठी शहरे गाइडबरोबर सायकलवरून पाहण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद झाला, पण तीन तासांत 'पाहून होणाऱ्या' ठिकाणांची जी लांबलचक यादी त्यात दिली आहे, तिच्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

साधा हिशेब करून पाहा. नवख्यांचा गट शहरात ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. सुरुवातीला प्रत्येकाची सीट उंचीप्रमाणे लावायची, ब्रेक तपासायचे, हेल्मेटचा पट्टा नीट बसवायचा, यात वीस मिनिटे जातात आणि ती जायलाच हवीत. सिग्नल आणि थांबे वजा केले, तर दहा-बारा किलोमीटर आणि चार-पाच ठिकाणे एवढेच निवांतपणे होते. दहा ठिकाणे कबूल करणारा गाइड उरलेल्या ठिकाणांसाठीचा वेळ काढतो तो मागे पडणाऱ्यांकडून.

हे मी अनुभवाने सांगते. दोन वर्षांपूर्वी एका फेरीत आम्ही चौदा जण होतो आणि गाइड एकच. मी पुष्कळ वर्षांनी सायकलवर बसले होते. एका चौकात निम्मा गट पुढे गेला, सिग्नल लाल झाला आणि आम्ही सहा जण मागे राहिलो. सिग्नल सुटेपर्यंत पुढचे लोक दिसेनासे झाले होते. त्यांना गाठण्याच्या घाईत माझे पुढचे चाक ट्रामच्या रुळाच्या खाचेत अडकले आणि मी पडले. कोपर फुटले. मागून गाडी येत नव्हती म्हणून तेवढ्यावर निभावले. रूळ तिरके न कापता शक्य तितके काटकोनात ओलांडायचे असतात, हे निघताना कुणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी भीत भीतच दुसऱ्या एका फेरीला गेले. तिथे दोन गाइड होते, एक पुढे आणि एक सगळ्यांत मागे. निघण्याआधी मोकळ्या जागेत प्रत्येकाकडून एक चक्कर मारून घेतली, ब्रेक लावून दाखवायला सांगितले. उभ्या मोटारीच्या शेजारून जाताना तिचे दार उघडले तरी लागणार नाही एवढे अंतर ठेवा, सिग्नलला ट्रकच्या बाजूला उभे राहू नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, हे नीट समजावले. प्रत्येक वळणावर गटातल्या एकाला उभे केले जाई. शेवटचा माणूस वळला की मगच तो निघे. मला सगळ्यांत आवडले ते असे की मागचे येऊन पोचले, उतरले, पाणी प्यायले, की मगच गाइड माहिती सांगू लागे. एरवी मागून येणाऱ्याला विश्रांती मिळतच नाही. तो पोचतो तेव्हा बाकीचे निघायच्या तयारीत असतात.

त्या दिवशी चारच ठिकाणे पाहिली. पण नदीकडे उतार कुठून लागतो ते पायांना कळले, बसच्या खिडकीतून कधीच न दिसणाऱ्या गल्ल्या पाहिल्या. पायी तेवढे अंतर झाले नसते. परतल्यावर नकाशा हातात घेतला, तर तो ओळखीचा वाटला.

काही शहरांत हे सोपे आहे. कोपनहेगनमध्ये बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर मोटारींपासून थोडी उंच, वेगळी सायकलवाट असते. कोलंबियातल्या बोगोटात तर १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ठरावीक रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकली आणि पायी चालणाऱ्यांना खुले करतात. आज त्यांची लांबी शंभर किलोमीटरहून अधिक आहे. सायकल विसरलेल्या माणसाने सुरुवात अशा ठिकाणी, अशा दिवशी करावी.

म्हणून विनंती अशी की पुढच्या लेखात ठिकाणांच्या यादीऐवजी एकूण अंतर किती, चढ किती, एका गाइडमागे किती माणसे, ठेंगण्या माणसांच्या मापाच्या सायकली मिळतात का, मधेच फेरी सोडायची झाली तर सोय काय, हे छापावे. आणि सर्वांत आधी, गटाच्या मागे कोण असते ते. बुकिंग करताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, आणि 'कोणी नाही' असे उत्तर आले तर पैसे भरत नाही.

आपली,
एक नियमित वाचक