मनू, पार्लरला फोन करायच्या आधी हे वाच

डोंबिवली, रविवार दुपार

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. सकाळी डबे, ओवीची शाळा, कंपनीची बस, त्यात केस धुवायचे म्हणजे तासभर जातो आणि तरी दुपारपर्यंत सगळे पिंजारतात, म्हणून तू परत स्मूदनिंग करायचं म्हणतेयस. फोनवर तुला नीट सांगता आलं नसतं, मधेच कोणीतरी हाक मारतं, म्हणून बसून लिहितेय. मला मनापासून वाटतं की तू ते करू नयेस. वेळ वाचवायचाय ना, मग तो कुरळ्या केसांतही वाचतो, फक्त आपल्याला लहानपणापासून जी पद्धत शिकवली ती सरळ केसांची होती.

स्मूदनिंगचं आधी सांगून टाकते. केमिकल लावून केसातले बंध तोडतात आणि सरळ करून परत जोडतात, तेवढा भाग कायमचा सरळ, पण मुळातून येणारा केस तुझाच, कुरळा, महिन्याला साधारण एक सेंटीमीटरने वाढत राहणार. म्हणजे सहा महिन्यांनी वर कुरळे, खाली सरळ, आणि परत पार्लर. पार्लरमधल्या केस सरळ करायच्या केराटिनवाल्या काही प्रॉडक्टमधून गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं, आणि ज्यांत त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं त्यांचं तर फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये छापलंय की एका तरुणीला दर वेळी ट्रीटमेंटनंतर किडनीचा त्रास झाला. तुला घाबरवायचं नाहीये, पण पार्लरवाली हे सांगत नाही म्हणून मी सांगतेय.

आता कामाचं. आपला केस वळणावळणाचा असतो म्हणून टाळूचं नैसर्गिक तेल खालपर्यंत उतरतच नाही, त्यामुळे मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडंठक्क. आणि केस ओले असतात तेव्हा त्यातले छोटे बंध सुटलेले असतात, सुकताना ते जसे बसतील तसा आकार राहतो. म्हणून जे काय करायचं ते केस टपटप गळत असतानाच करायचं, बाथरूमच्या बाहेर येऊन नाही. तुझा सगळा वेळ जातो तो बाहेर आल्यावर, टॉवेलने खसाखसा पुसून मग गुंता सोडवत बसण्यात. तो भागच काढून टाक.

गुंता आदल्या रात्री सोडवायचा. दोन चमचे खोबरेल घे, टाळूला नको (तुला कोंडा होतो, तेलाने तो वाढतो), फक्त कानाच्या खालच्या लांबीला आणि टोकांना, आणि बोटांनीच गुंता सोडव, टीव्ही बघता बघता होतं. मग सैल वेणी घालून झोप. खोबरेलच का, तर मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती, त्यात केसातलं प्रोटीन निघून जाणं खोबरेलानेच कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. आपल्या आज्या काही उगाच चोळत नव्हत्या गं.

सकाळी, पाणी कोमट. एका मगात थोडा शाम्पू आणि पाणी फेटून घे आणि तो फक्त टाळूला लाव, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. लांबीला वेगळा शाम्पू लागत नाही, धुताना जो फेस खाली उतरतो तेवढा पुरे. मग कंडिशनर, आणि इथे कंजूषी नको! तुझ्या केसांना नाण्याएवढा थेंब म्हणजे काहीच नाही, चांगला मूठभर घे, खालून वर मोठ्या दातांचा कंगवा फिरव. दिवसभरात कंगवा लावायचा तो हाच एकदा, सुकलेल्या कुरळ्या केसांत कंगवा घातला की बटा फुटतात आणि तेच ते पिंजारणं. मग डोकं पुढे वाकवून ओंजळीत पाणी घे आणि केस खालून वर मुठीत दाबत जा, पचपच आवाज यायला लागला की समज पाणी आत शिरतंय. बादलीने अंघोळ करत असशील तरी जमतं, मी पण पाणी कमी असतं त्या दिवशी तांब्यानेच करते. मग धुऊन टाक, पण अगदी चरचरीत होईपर्यंत नको, थोडा बुळबुळीतपणा राहू दे.

अंगावर पाणी आहे तोवरच केसांना जेल लाव. केसांचे दोन भाग कर, उजवा डावा, चार-पाच भाग करायची गरज नाही, ते सुट्टीच्या दिवशी. दोन्ही तळव्यांमध्ये केस सपाट धरून वरून खाली फिरव, मग मुठीत घेऊन वर दाब. बस. टर्किश टॉवेलला हात लावू नकोस, त्याच्या धाग्यांनी सगळं विस्कटतं. तुझ्याकडे गावाकडचा पंचा असेलच, किंवा जुना कॉटनचा टीशर्ट, त्यात केस गोळा करून नुसते दाब आणि डोक्यावर गुंडाळून ठेव. बाथरूमचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. मग डबे भर, चहा घे, ओवीची वेणी घाल, आणि केसांना अजिबात हात लावू नकोस. निघायच्या आधी दहा मिनिटं डिफ्यूझर (ड्रायरला लावायचं ते जाळीचं पसरट तोंड), कमी गरम, मुळांशी आधी. सुकले की ते पापडासारखे कडक लागतील, घाबरू नकोस, जेल बसलंय म्हणून तसं. पूर्ण सुकल्यावरच, बसमध्ये सुद्धा चालेल, हाताला तेलाचा एक थेंब चोळून सगळे केस चुरगाळ, कडकपणा जातो आणि मऊ बटा उरतात. अर्धवट ओले असताना चुरगाळलेस तर सगळी मेहनत वाया.

हे आठवड्यातून दोनदा पुरे. मधल्या दिवशी हात ओले करून वरवर फिरवायचे, रात्री केस डोक्यावर उंच सैल बांधून सॅटिनच्या उशीवर झोपायचं.

आता तुझी खरी अडचण, जी मला तुझ्याकडे आले होते तेव्हाच दिसली, ती म्हणजे तुमच्या सोसायटीचं टँकरचं पाणी. नळावर पांढरा थर बसतो ना, तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर केसांवर बसतो, मग कितीही महाग जेल लाव, वरच्या वर राहतं. त्यासाठी महिन्यातून एक-दोनदा क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा शाम्पू, बाटलीच्या मागे ईडीटीए (EDTA, क्षार धरून काढणारा घटक) लिहिलेलं बघून घे, आणि त्यानंतर कंडिशनर दुप्पट. शिवाय शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा ओत. पण आरओचं जे वाया जाणारं पाणी तू फरशी पुसायला साठवतेस ते चुकूनही नको, त्यात क्षार जास्तच असतात.

शिकेकाईचं मावशी म्हणतात ते चांगलंच आहे, पण पावडर सरळ डोक्याला लावलीस तर कण बटांमध्ये अडकतात आणि निघता निघत नाहीत. उकळून, पातळ कपड्याने गाळून, रविवारी. आणि पावसाळ्यात जेल घेताना ग्लिसरीन यादीत अगदी वर नको, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि केस फुगतात, आमच्याकडे जून ते सप्टेंबर तर बघायलाच नको.

मनू, आपल्याला शाळेत "केस नीट विंचरून या" म्हणून वर्गाबाहेर उभं करायचे, तेल थापून दोन घट्ट वेण्या घातल्या तरी कपाळावरच्या बटा बाहेर यायच्याच. तुझ्या लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी फोटोसाठी केस सरळ केले होते, तेव्हा तू मला म्हणाली होतीस की फोटोतली मी मला ओळखू येत नाहीये. मला ते अजून टोचतं. आणि ओवीचे केस हुबेहूब तुझे आहेत, मानेपाशी तीच गच्च वळणं. ती परवा मला विचारत होती की आईने केले होते तसे तिचेही सरळ कधी होणार. तिलाही हेच कर, फक्त शाम्पू आठवड्यातून एकदा, आणि कंगवा कंडिशनर लावलेला असतानाच, ती रडणार नाही.

मी पुढच्या शनिवारी सिंहगड एक्सप्रेसने येतेय. जवस आणून ठेव, पाव वाटी, जेल आपण घरीच करू. दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गॅस बंद, आणि गरम असतानाच गाळायचं, गार झाल्यावर ते कपड्यातून उतरतच नाही. तोवर पार्लरची अपॉइंटमेंट घेऊ नकोस, प्लीज.

तुझी,
शमा

ता.क. जवसाचं जेल फ्रीजमध्येच ठेवायचं, आठवडाभर टिकतं. आंबट वास आला किंवा पाणी सुटलं तर टाकून दे, जास्तीचं करून ठेवू नकोस.